पुण्याच्या पेठांत गाडी कुठे लावावी, पैसे कोणाला द्यावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई, अप्पा बळवंत चौक, बोहरी आळी आणि त्यांच्या आसपासच्या पेठांमध्ये खरेदीसाठी, दर्शनासाठी किंवा कामासाठी येणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आलेले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेठांमध्ये गाडी लावण्यासाठी अधिकृत जागा कोणत्या आहेत?

जागा दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार महापालिकेच्या वाहनतळांचा. मंडईच्या परिसरात मिसाळ, आर्यन आणि मिनर्वा हे वाहनतळ आहेत, नारायण पेठेत पत्र्या मारुतीजवळ हमालवाडा वाहनतळ आहे आणि पेठांच्या दक्षिणेला सारसबागेशेजारी पेशवे पार्कचा वाहनतळ आहे. आर्यन आणि मिनर्वा ही नावे तेथे पूर्वी असलेल्या चित्रपटगृहांची आहेत, त्यामुळे वयस्कर पुणेकराला रस्ता विचारला तर तो वाहनतळाआधी तेथे पाहिलेल्या चित्रपटाबद्दल सांगण्याची शक्यता अधिक. दुसरा प्रकार रस्त्याच्या कडेच्या जागांचा. तेथे पी-१, पी-२ च्या पाट्या लागू असतात (प्रश्न ३ पाहावा). या दोहोंत न बसणारी रिकामी दिसणारी जागा बहुधा काहीतरी कारणाने रिकामी असते, हे लक्षात ठेवावे.

२. चारचाकी घेऊन थेट तुळशीबागेपर्यंत जाता येईल का?

जाता येईल, पण तेथे गाडी लावता येईल असे समजून जाऊ नये. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांवरील एकेरी वाहतुकीमुळे एखादे वळण चुकले किंवा वाहनतळाचे प्रवेशद्वार मागे राहिले, तर पुन्हा त्याच जागी येण्यासाठी मोठा फेरा पडतो आणि संध्याकाळी त्या फेऱ्यात अर्धा तास सहज जातो. बहुतेक लोक दुकान आधी ठरवतात आणि मग त्याच्या जवळात जवळ जागा शोधत हिंडतात. आमचा सल्ला नेमका उलट आहे : वाहनतळ आधी ठरवावा, गाडी तेथे लावावी आणि पुढचा सगळा फेरफटका पायी करावा. मंडईच्या वाहनतळापासून तुळशीबाग काही मिनिटांवर आहे. हमालवाड्यापासून तुळशीबागेपर्यंत रमतगमत चालले तरी दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि वाटेत अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची खरेदीही उरकता येते. दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराईतील रविवार या दिवशी मंडईचे वाहनतळ दुपारीच भरलेले असतात. अशा दिवशी पेशवे पार्क किंवा मेट्रो (प्रश्न १६) हा पर्याय बरा.

३. पी-१ आणि पी-२ म्हणजे काय?

रस्ता अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर वाहतुकीला जागा उरत नाही, म्हणून एका दिवशी एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला गाड्या लावण्याची ही पद्धत आहे. पी-१ ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ ची पाटी असलेल्या बाजूला सम तारखेला गाडी लावावी. वार किंवा तिथी यांचा याच्याशी संबंध नाही. इंग्रजी महिन्याची तारीख पाहावी. पाटी फलकाखाली, झाडाच्या फांदीमागे किंवा एखाद्या शुभेच्छाफलकाआड गेलेली असणे ही पेठांतली नेहमीची गोष्ट आहे. केवळ तेथे आधीच दहा गाड्या लागल्या आहेत, एवढ्यावरून बाजू बरोबर आहे असे मानू नये. पहिला चुकला की त्याच्यामागे सगळी रांग चुकते आणि मग ती रांग एकदमच उचलली जाते.

४. महिनाअखेरीस, किंवा रात्रभर गाडी लावली, तर सम-विषमचा हिशेब कसा करायचा?

तारीख मध्यरात्री बदलते आणि तिच्याबरोबर बाजूही बदलते. म्हणजे १४ तारखेच्या रात्री पी-२ च्या बाजूला योग्य रीतीने लावलेली गाडी १५ तारखेच्या सकाळी चुकीच्या बाजूला असते. ‘काल लावली तेव्हा बरोबर होती’ हे उत्तर कारवाईच्या वेळी उपयोगी पडत नाही. गंमत महिनाअखेरीची आहे. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, त्यामुळे एकतीस दिवसांच्या महिन्याच्या शेवटी सलग दोन दिवस पी-१ चीच बाजू चालते. लीप वर्षात २९ फेब्रुवारी आणि १ मार्च यांचेही तसेच. तीस दिवसांच्या महिन्यात आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत मात्र नेहमीप्रमाणे बाजू बदलते. याशिवाय मोटार वाहन अधिनियमाचे गाडी उचलून नेण्यासंबंधीचे कलम १२७ सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस ठेवलेल्या वाहनालाही लागू होऊ शकते. त्यामुळे गावाला जाताना गाडी रस्त्यावर सोडून जाणे हा सम-विषमच्या पलीकडचा धोका आहे.

५. महापालिकेच्या वाहनतळावर किती पैसे द्यावे लागतात आणि कसे?

दर वाहनाच्या प्रकारावर आणि तासांवर ठरतो. महापालिका वाहनतळ ठेकेदारांना चालवायला देते, मात्र दर ठेकेदाराने मनाने ठरवायचा नसतो. मंजूर दरांचा फलक प्रवेशाजवळ लावलेला असला पाहिजे. आत जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : फलकावरील दर, पावतीवर छापलेली रक्कम आणि पावतीवर लिहिलेली वेळ. यातली तिसरी गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत आणि बाहेर पडताना वाद नेमका तिच्यावरून होतो. पेनाने लिहिलेली ‘५.१०’ ही वेळ घाईत ‘४.१०’ वाचली गेली, की एका तासाचे पैसे वाढतात. पैसे रोख किंवा यूपीआयने देता येतात, परंतु यूपीआयने देताना पडद्यावर कोणाचे नाव दिसते ते पाहावे आणि तरीही छापील पावती मागून घ्यावी, कारण तक्रार करायची झाल्यास तीच कामी येते. सुटे पैसे जवळ ठेवावेत. ‘सुटे नाहीत’ या सबबीवर वरचे पैसे सोडून देणारे रोज किती जण असतील, याचा विचार केला तर सुट्यांच्या टंचाईचे रहस्य उलगडते.

६. फलकावरील दरापेक्षा जास्त पैसे मागितले, किंवा रस्त्यावरच कोणी पैसे मागू लागले, तर काय करावे?

वाहनतळावर जास्त पैसे मागितल्यास आधी दरफलकाकडे बोट दाखवून तेवढीच रक्कम घेण्यास सांगावे. बऱ्याच वेळा विषय तेथेच मिटतो. मिटला नाही, तर फलकाचे आणि पावतीचे छायाचित्र काढून महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या तक्रार यंत्रणेवर वाहनतळाचे नाव, तारीख आणि वेळ यांसह तक्रार नोंदवावी. केवळ ‘मंडईत लूट चालते’ अशा तक्रारीवर कोणालाही काही करता येत नाही.

रस्त्यावरच्या वसुलीचा मुद्दा निराळा आहे. पुण्यात रस्त्यावरील पार्किंगसाठी पैसे आकारण्याच्या धोरणाला महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये मंजुरी दिली, सुरुवातीला पाच रस्त्यांवर ते राबवायचे ठरले आणि विरोधामुळे ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. या घोळाचा फायदा भुरटे लोक घेतात. त्यामुळे ज्या रस्त्यावर महापालिकेचा दरफलक नाही आणि छापील पावती मिळत नाही, तेथे शिट्टी गळ्यात अडकवून गाडी ‘लावून देणाऱ्या’ माणसाला पैसे देण्याचे कोणतेही बंधन नाही. दमदाटी झाल्यास ११२ क्रमांकावर कळवावे.

७. वाहनतळाची पावती हरवली, तर गाडी मिळणार नाही का?

मिळेल, पण गाडी आपली असल्याचे दाखवावे लागेल. नोंदणी प्रमाणपत्र डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर असले तरी चालते. किती वेळ गाडी होती यावर वाद होऊ शकतो, म्हणून पावती मिळताच तिचे छायाचित्र काढून ठेवावे. छायाचित्रात खांबाचा किंवा मजल्याचा क्रमांकही आला, तर परतताना गाडी शोधण्याचे श्रम वाचतात.

८. ‘दुकानासमोर गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडली जाईल’ अशी पाटी असेल, तर तेथे गाडी लावणे बेकायदा आहे का?

पुणेरी पाटीचा दरारा मोठा असला, तरी कायदा तिला ओळखत नाही. रस्ता सार्वजनिक आहे आणि तेथे गाडी लावायची की नाही हे वाहतूक विभागाच्या अधिकृत फलकांवरून ठरते. दुकानदाराने किंवा सोसायटीने स्वतःच्या खर्चाने रंगवलेल्या पाटीने रस्त्याची ती जागा त्यांची होत नाही. खरोखर हवा सोडली, व्हॉल्व्ह काढून नेला किंवा आसन फाडले, तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करणे ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली त्याची तक्रार करता येते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पाटी वाड्याच्या दिंडी दरवाजावर, सोसायटीच्या फाटकावर किंवा दुकानाच्या आत जाण्याच्या वाटेवर असेल, तर पाटीचे शब्द कितीही उर्मट असोत, तिचे म्हणणे बरोबर असते. दुसऱ्याच्या प्रवेशद्वारासमोर वाहन उभे करणे वाहतूक नियमांतही निषिद्ध आहे आणि त्या दरवाजातून एखाद्या आजारी माणसाला बाहेर काढायची वेळ येऊ शकते. शिवाय कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून रात्री नऊ वाजता, सगळी पंक्चरची दुकाने बंद झाल्यावर, सपाट चाकापाशी उभे राहण्यात फारसा आनंद नसतो. जवळच दुसरी जागा असेल, तर ती घ्यावी.

९. फक्त पाच मिनिटांचे काम आहे आणि चालक गाडीतच बसलेला आहे. तरी कारवाई होते का?

होते. प्रवाशाला उतरवण्यापुरते थांबणे आणि कोणी दुकानातून परत येईपर्यंत वाट पाहणे यांत फरक आहे. दुसरी गोष्ट पार्किंग ठरते, इंजिन चालू असले आणि धोक्याचे चारही दिवे लुकलुकत असले तरी. फलकही नीट पाहावा. लाल कडेच्या निळ्या वर्तुळावर एकच तिरकी लाल रेघ असेल, तर तेथे वाहन लावण्यास मनाई असते आणि दोन रेघांची फुली असेल, तर क्षणभर थांबण्यासही मनाई असते. माणूस आत बसलेला असताना गाडी ओढून नेणे मात्र गैर आहे. मालाडमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये बाळाला घेऊन बसलेल्या महिलेसह गाडी ओढण्यात आली, तेव्हा संबंधित पोलिसाला निलंबित व्हावे लागले. याचा अर्थ आत कोणी बसून राहिल्यास दंडही माफ होतो असा नाही. गाडी उचलली गेली नाही, तरी चलन होऊ शकते.

१०. परत आलो तर गाडी जागेवर नाही. चोरीला गेली की उचलली, हे कसे कळणार? आणि किती पैसे लागतात?

आधी शेजारच्या टपरीवाल्याला किंवा दुकानदाराला विचारावे. पेठांत गाडी कधी उचलली आणि कुठे नेली याची इतकी अचूक माहिती दुसरीकडे मिळत नाही. नंतर वाहननोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर चलनाचा संदेश आला आहे का ते पाहावे. या भागात प्रामुख्याने फरासखाना, विश्रामबाग आणि खडक हे वाहतूक विभाग येतात. ज्या रस्त्यावर गाडी होती तो कोणत्या विभागात मोडतो, हे चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारून तेथे जावे. दुसऱ्याच विभागात जाऊन रांगेत उभे राहणाऱ्यांची संख्या कमी नाही. तेथेही गाडी नसेल, तर वेळ न घालवता चोरीची तक्रार द्यावी.

रक्कम दोन भागांत असते. नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५०० रुपये आहे. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यावर गाडी उचलण्याचा खर्च आणि त्या खर्चावरील कर वेगळा पडतो व तो चारचाकीला दुचाकीपेक्षा अधिक असतो. दोन्ही रकमांची पावती घ्यावी. चाकाला जॅमर लावलेला असेल, तर तो स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये. जॅमरवर किंवा काचेवर चिकटवलेल्या कागदावर कोठे संपर्क साधायचा ते लिहिलेले असते.

११. गाडी टेम्पोत चढवत असतानाच मी पोहोचलो. ती सोडवून घेता येते का?

नम्रपणे विनंती करावी, बऱ्याचदा ती मान्य होते. दंड मात्र टळत नाही, वाचला तर उचलण्याचा खर्च वाचतो. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलण्यास परवानगी देण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याचा आहे, त्यामुळे बोलणे त्यांच्याशीच करावे. ठेकेदाराच्या मुलांशी हुज्जत घालून उपयोग नसतो. टेम्पोसोबत पोलीस नसतीलच, तर तो प्रकार नियमबाह्य आहे. टेम्पोचा क्रमांक आणि छायाचित्र घेऊन तक्रार करावी. उचलताना पडलेले ओरखडे किंवा तुटलेला आरसा जागेवरच दाखवून द्यावा, कारण गाडी ताब्यात घेऊन घरी गेल्यावर ते कोणीही मान्य करत नाही.

१२. मी दुचाकी योग्य जागी लावली होती, पण कोणीतरी स्वतःची गाडी बसवण्यासाठी ती सरकवली आणि ती नो पार्किंगमधून उचलली गेली. दंड मलाच का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. कारवाई गाडी जेथे सापडली त्या जागेवरून होते आणि ती तेथे कोणी नेली हे पोलिसांना दिसत नाही. बचाव एकच आहे, गाडी लावताच पाटी आणि क्रमांक दोन्ही दिसतील असे छायाचित्र काढणे. त्यावरील वेळेच्या आधारे चलनाविरुद्ध दाद मागता येते (प्रश्न १४). हँडल लॉक केल्याने गाडी सरकवणे अवघड होते, अशक्य होत नाही. चार तगडे ग्राहक मागचे चाक उचलून गाडी वळवतात, हे लक्ष्मी रस्त्यावर कोणत्याही शनिवारी पाहायला मिळते. रांगेच्या टोकाची जागा टाळावी, कारण ढकलत ढकलत रांगेबाहेर पहिली जाते ती टोकाचीच गाडी.

१३. मोबाइलवर चलनाचा संदेश आला आहे. तो खरा आहे हे कसे ओळखावे?

संदेशातील दुव्यावर थेट जाऊ नये. राज्याच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपवर किंवा ई-चलनाच्या शासकीय संकेतस्थळावर वाहन क्रमांक स्वतः टाकून पाहावे. चलन खरे असेल तर तेथे दिसतेच. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल आली, तर ती हमखास फसवणूक असते. ती उघडल्यास फोनचा ताबा आणि बँकेतील पैसे दोन्ही जाऊ शकतात.

१४. चलन चुकीचे आहे असे वाटत असेल, तर पैसे भरण्याआधी काय करावे?

चलनासोबतचे छायाचित्र नीट पाहावे. क्रमांकातील एखादा अंक चुकून दुसऱ्याच गाडीचे चलन आपल्या नावावर पडल्याचे प्रकार घडतात. महाट्रॅफिकवर तक्रारीची सोय आहे, तेथे आपल्या बाजूचे छायाचित्र जोडावे. तेथे दिलासा न मिळाल्यास न्यायालयाचा मार्ग खुला असतो आणि थकलेली चलने लोक अदालतीतही ठेवली जातात. मात्र दंड एकदा भरला की चलन मान्य केल्यासारखे होते, म्हणून हरकत आधी घ्यावी. गाडी विकली असूनही चलने येत असतील, तर नोंदणी अजून आपल्याच नावावर आहे असे समजावे आणि प्रथम ते काम करावे.

१५. भिडे पुलाजवळ नदीपात्रात भरपूर जागा असते. तेथे गाडी लावली तर?

उन्हाळ्यात लावणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात मात्र हा विचार मनातही आणू नये. खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले, की सर्वांत आधी बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातील रस्ता पाण्याखाली जातो. विसर्ग वाढवण्याची सूचना प्रशासन देते, पण आपण त्या वेळी साडीच्या दुकानात असतो. पेठेत ऊन पडले असले, तरी पाणी वाढू शकते, कारण पाऊस वर धरणांच्या पाणलोटात पडत असतो. जुलै २०२४ च्या पुरात मुठेच्या काठच्या वस्त्यांची जी अवस्था झाली, ती पुणेकर विसरलेले नाहीत. केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर पुरात झालेल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो.

१६. मेट्रोने यायचे तर गाडी कुठे ठेवावी?

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके थेट बाजारपेठेत उघडतात. त्यामुळे घराजवळच्या, वाहनतळ असलेल्या स्थानकावर गाडी ठेवून यावे. सगळ्या स्थानकांवर ती सोय नाही, म्हणून आपल्या स्थानकाची खात्री आधी करून घ्यावी. मोठी खरेदी, विशेषतः भांडी किंवा लग्नाचा बस्ता असेल, तर परतताना रिक्षा करणे सोयीचे. त्या रिक्षाचे भाडे वाहनतळाच्या पैशांपेक्षा जास्त होईल, पण मनस्ताप कमी होईल.

१७. गणेशोत्सवात नियम बदलतात का?

पूर्णपणे बदलतात. संध्याकाळनंतर मध्य भागातील रस्ते गर्दीनुसार वाहनांसाठी बंद केले जातात आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक, शिवाजी व बाजीराव हे रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात. वाहतूक पोलीस दरवर्षी त्या वर्षापुरती वाहनतळांची यादी जाहीर करतात. त्यात आजवर रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूल, स. प. महाविद्यालय, हमालवाडा अशा जागा आलेल्या आहेत, पण दुचाकी आणि चारचाकींसाठी जागा निरनिराळ्या असतात आणि यादी दरवर्षी तीच राहते असे नाही. या दिवसांत पी-१, पी-२ च्या पाटीवर विसंबू नये, तात्पुरता आदेश तिच्यावर मात करतो. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनालाही नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद ठेवण्याची प्रथा २०२१ पासून पडली आहे.

१८. वाहनतळातून गाडी चोरीस गेली किंवा तिला धक्का लागला, तर जबाबदारी कोणाची?

पावतीच्या मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते आणि वाचणारा तेथेच हतबल होतो. चित्र इतके एकतर्फी नाही. हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे किल्ली दिलेल्या गाडीच्या चोरीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे म्हटले, की ताबा आपल्याकडे घेतल्यानंतर निष्काळजीपणा झाला असेल, तर केवळ अशा छापील वाक्यामुळे हॉटेलची सुटका होत नाही. आपण स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घेऊन गेलो, तर मात्र ताबा दिला असे म्हणणे अवघड जाते. म्हणून किल्ली कोणाला द्यावी लागली, तर ते पावतीवर लिहून घ्यावे. दोन्ही बाबतींत पोलिसांत नोंद आणि विमा कंपनीला कळवणे त्याच दिवशी करावे.

१९. आम्ही पेठेतच राहतो. वाड्यात जागा नाही. घरासमोरच्या रस्त्यावर आमचा काही हक्क नाही का?

नाही. घरासमोरचा रस्ता वापरण्याचा जेवढा हक्क आपला, तेवढाच तुळशीबागेत आलेल्या हडपसरच्या पाहुण्याचा. जागा धरून ठेवण्यासाठी मांडलेल्या कुंड्या, सिमेंट भरलेले डबे आणि तुटक्या खुर्च्या हे अतिक्रमण आहे आणि महापालिका ते उचलू शकते. सम-विषमचा नियम रहिवाशालाही लागू आहे. त्यातून निघणारा व्यवहार्य मार्ग म्हणजे जवळच्या वाहनतळावर मासिक पास मिळतो का, याची चौकशी करणे. तो मिळालाच, तर त्यावर ठरावीक जागा राखून ठेवली जाणार आहे की जागा असेल तरच प्रवेश मिळणार आहे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. वाड्याचा पुनर्विकास होत असेल, तर करारनाम्यात गाडीच्या जागेचा क्रमांक आणि माप दोन्ही लिहून घ्यावे. यांत्रिक वाहनतळातील वरचा कप्पा मिळणार असेल, तर आपली गाडी त्यात उंचीने बसते की नाही, ते मोजून पाहावे.